द साँग ऑफ जिगलीपफ

'द साँग ऑफ जिगलीपफ' हा पोकेमॉन या जपानी ॲनिमेशन मालिकेचा ४५वा भाग आहे. तो जपानमध्ये २१ मे १९९८ रोजी टीव्ही टोकियो वाहिनीवर प्रथम प्रसारित झाला. मूळ जपानी शीर्षक 'उतात्ते! पुरिन!' असे असून त्याचा अर्थ 'गा ना, पुरिन!' असा सांगता येईल. पुरिन हे जिगलीपफचे जपानी नाव होय. मालिकेच्या पहिल्या पर्वात, म्हणजे 'इंडिगो लीग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कालखंडात, हा भाग मोडतो. ज्याचे गाणे ऐकून प्रत्येक श्रोता झोपी जातो अशा एका गोल, गुलाबी प्राण्याची ही विनोदी कथा आहे. या भागाने मालिकेला एक कायमचे विनोदी पात्र दिले. झोपलेल्या श्रोत्यांच्या तोंडावर मार्करने रेघोट्या ओढणारी जिगलीपफ पुढे मालिकेच्या बाहेर, व्हिडिओ गेम व चित्रपटांतही दिसू लागली.

या लेखात पात्रांची इंग्रजी आवृत्तीतील नावे वापरली आहेत, कारण भारतीय प्रेक्षकांना तीच परिचित आहेत. जपानी आवृत्तीत ॲशचे नाव सातोशी, मिस्टीचे कासुमी, ब्रॉकचे ताकेशी, जेसीचे मुसाशी, जेम्सचे कोजिरो आणि मिआउथचे न्यार्स असे आहे.

पार्श्वभूमी

पोकेमॉन मालिका १ एप्रिल १९९७ रोजी सुरू झाली. निन्टेंडोच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये निघालेल्या 'रेड' आणि 'ग्रीन' या खेळांवर ती आधारलेली आहे. मालिकेचे दिग्दर्शन कुनिहिको युयामा यांचे, तर निर्मिती ओएलएम या ॲनिमेशन संस्थेची. आरंभीच्या पर्वांच्या कथारचनेची मुख्य जबाबदारी ताकेशी शुदो यांच्याकडे होती.

मालिकेच्या जगात पोकेमॉन नावाचे नाना शक्तींचे प्राणी राहतात आणि माणसे त्यांना पकडून, शिकवून एकमेकांशी लढवतात. अशा माणसांना प्रशिक्षक म्हणतात. दहा वर्षांचा ॲश केचम आपल्या पिकाचूसह सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक होण्यासाठी कँटो प्रदेशात भटकतो आहे. जलजातीच्या पोकेमॉनांची आवड असलेली मिस्टी आणि संगोपनात निष्णात असलेला ब्रॉक त्याच्यासोबत आहेत. जेसी, जेम्स आणि माणसासारखे बोलणारा मिआउथ हे टीम रॉकेटचे त्रिकूट पिकाचूला पळवण्यासाठी त्यांच्या मागावर असते व दर भागात तोंडघशी पडते. या भागाच्या वेळी ॲशच्या संग्रही आठपैकी सहा बिल्ले जमा झालेले आहेत.

भागाचा कालसंदर्भही लक्षात घेण्याजोगा आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी प्रसारित झालेल्या ३८व्या भागातील लाल-निळ्या प्रकाशाच्या वेगवान उघडझापीमुळे जपानभर सुमारे ६८५ जणांना, प्रामुख्याने मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते. त्यानंतर मालिका सुमारे चार महिने बंद होती. १६ एप्रिल १९९८ रोजी ती पुन्हा सुरू झाली आणि तिचा वार मंगळवारऐवजी गुरुवार झाला. प्रस्तुत भाग त्यानंतर पाच आठवड्यांनी आला. दिव्यांच्या लखलखाटात झोप हरवून बसलेल्या एका नगराची ही कथा त्या घटनेनंतर इतक्या लवकर दाखवली गेली, हा योगायोग आज मागे वळून पाहताना नजरेत भरतो.

क्रमवारीतील शेजारी भागांचा सूर वेगळा आहे. ४३व्या भागात ॲशच्या चारमँडरचे रूपांतर चारमेलियनमध्ये होते आणि तो मालकाचे ऐकेनासा होतो. ४६व्या भागात तोच चारिझार्ड होतो, आणि त्याच भागात पुढे टोगेपी ज्यातून बाहेर येते ते अंडे ॲशला सापडते. म्हणजे मालिकेच्या मुख्य धाग्यात घडामोडींची दाटी असताना मध्येच हा निवांत भाग येतो. त्यात कोणाचे रूपांतर होत नाही आणि कोणालाही नवा बिल्ला मिळत नाही.

खेळातील जिगलीपफ

जिगलीपफ हा पोकेमॉनांच्या राष्ट्रीय सूचीतील ३९ क्रमांकाचा प्राणी आहे. त्याची उंची ०.५ मीटर आणि वजन ५.५ किलोग्रॅम दिले आहे. शरीर फुग्यासारखे गोल, रंग गुलाबी, डोळे मोठे व कपाळावर केसांचा एक वळसा. सूचीत त्याला 'फुगा पोकेमॉन' म्हटले आहे, कारण तो हवा भरून फुगू शकतो. जपानी 'पुरिन' हे नाव कॅरॅमल कस्टर्डच्या हलत्या, मऊ पदार्थावरून आले आहे. इंग्रजी नावातही थरथरण्याचा आणि फुगण्याचा भाव आहे. मूनस्टोन नावाच्या दगडाच्या साहाय्याने त्याचे विगलीटफमध्ये रूपांतर होते. पहिल्या खेळांत तो 'नॉर्मल' जातीचा होता. २०१३ साली 'एक्स' व 'वाय' या खेळांत नव्याने आलेली 'फेअरी' ही जात त्याला जोडण्यात आली.

'रेड' खेळात जिगलीपफ आरंभीच्याच टप्प्यावर, रूट ३ या रस्त्यालगतच्या गवतात अधूनमधून भेटते. ती लढाईत फार प्रबळ नाही. तिचे वैशिष्ट्य 'सिंग' ही चाल. ही चाल लागू पडली की प्रतिस्पर्धी झोपतो आणि पहिल्या पिढीच्या नियमांनुसार एक ते सात फेऱ्यांपर्यंत काही करू शकत नाही. पण चालीची अचूकता केवळ ५५ टक्के आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा ती वाया जाते. खेळाडूंच्या दृष्टीने ही बेभरवशाची चाल होती.

पटकथेने या चालीत केलेला बदल साधा पण परिणामकारक आहे. खेळात गाणे हे शत्रूला झोपवण्याचे साधन असते आणि शत्रू झोपला म्हणजे चाल यशस्वी होते. मालिकेत प्रथमच असा प्रश्न विचारला गेला, की गाणाऱ्याला हे कसे वाटत असेल? तिने गाण्यासाठीच गायले असेल आणि समोरचे सगळे घोरू लागले, तर ते यश म्हणायचे की अपमान? कोष्टकातील एका ओळीतून एक स्वभाव तयार झाला तो येथे. शिवाय गंमत अशी, की खेळात निम्म्या वेळा फसणारी ही चाल मालिकेत कोणालाही जागे सोडत नाही.

कथानक

ॲश, मिस्टी आणि ब्रॉक चालत चालत निऑन टाउन या नगरात येऊन पोहोचतात. हे नगर रात्रीही झोपत नाही. रंगीत दिव्यांच्या पाट्या आणि करमणुकीची ठिकाणे यांनी ते गजबजलेले आहे. अमेरिकेतील लास व्हेगासची आठवण व्हावी असे त्याचे चित्रण आहे. मात्र रस्त्यावरची माणसे चिडलेली, ओढलेल्या चेहऱ्यांची आहेत. कोणाचा कोणाला धक्का लागला तरी भांडण जुंपते. कारण उघड आहे: कित्येक दिवस कोणीही पुरेसे झोपलेले नाही. पाहुण्यांना तेथे राहवत नाही.

नगराबाहेरच्या रानात त्यांना एक जिगलीपफ भेटते. तिचे गोजिरे रूप पाहून मिस्टी हरखते आणि तिला पकडायचे ठरवते. पण जिगलीपफ रडू लागते. जी जात गाण्यासाठीच ओळखली जाते, तिच्यातील या एकीला गाताच येत नाही, असे लक्षात येते. पकडण्याचा विचार तेथेच मागे पडतो आणि तिला गायला शिकवण्याचा खटाटोप सुरू होतो. ब्रॉक तिला घशाला आराम देणारे फळ खाऊ घालतो. थोड्या सरावानंतर जिगलीपफला सूर सापडतो.

ती आनंदाने गाऊ लागते, आणि ऐकणारे एकामागून एक झोपी जातात. गाणे थांबवून जिगलीपफ पाहते, तर श्रोते जमिनीवर आडवे. ती रागाने फुगते, गाल टम्म होतात. हातातल्या मार्करचे टोपण काढते आणि झोपलेल्यांच्या तोंडावर मनसोक्त रेघोट्या ओढून मोकळी होते. जाग आल्यावर एकमेकांचे चेहरे पाहून मंडळींना काय घडले ते कळते. त्यांना आता तिची दया येते. तिला एवढेच हवे आहे, की कोणीतरी तिचे गाणे शेवटपर्यंत ऐकावे.

उपाय सुचतो तो निऑन टाउनचा. जे नगर कधीच झोपत नाही, तेथले लोक तरी जागे राहून गाणे ऐकतील, असा हिशेब केला जातो. इकडे टीम रॉकेटच्याही हाती हेच गाणे लागलेले असते, मात्र त्यांचा हिशेब नेमका उलटा. सारे नगर झोपले, की घरे व दुकाने बिनदिक्कत लुटता येतील, हा त्यांचा बेत. अशा रीतीने परस्परविरोधी हेतूंनी जिगलीपफ नगरातील श्रोत्यांपुढे उभी राहते. ती गाते. नगर झोपते, ॲश आणि त्याचे सोबती झोपतात, आणि ज्यांनी जागे राहून चोरी करायची तेही झोपतात. जिगलीपफ पुन्हा संतापते व मार्कर पुन्हा बाहेर निघतो.

सकाळी निऑन टाउनचे नागरिक जागे होतात ते ताजेतवाने होऊन. चेहऱ्यांवर काळ्या रेघा आहेत, पण मने शांत आहेत. कालचे भांडकुदळ आज एकमेकांशी अदबीने बोलतात. ॲश आणि सोबती पुढच्या वाटेला लागतात. आपल्या गाण्याला कधीतरी पूर्ण ऐकणारा भेटेल या आशेने जिगलीपफ त्यांच्या मागोमाग निघते, आणि भाग संपतो.

विनोदाची घडण

हा भाग एकाच विसंगतीवर उभा आहे, आणि ती विसंगती नेमकी पाहणे उपयोगाचे आहे. जिगलीपफचे गाणे वाईट नाही. बेसूर गायकाची थट्टा हा जगभरच्या विनोदातला जुना विषय आहे. येथे तसे काही नाही. उलट ते इतके गोड आहे की ऐकणाऱ्याला शुद्ध राहत नाही. मराठीत ज्याला अंगाई म्हणतात त्या प्रकारात हे गाणे मोडते. अंगाई गाणाऱ्या आईला बाळ झोपले की समाधान होते, ते शेवटपर्यंत जागे राहून दाद देईल अशी तिची अपेक्षा नसते. मैफलीत गाणाऱ्याचे उलट असते; तेथे समोरच्याने डोळे मिटले तर ते तल्लीनतेने मिटले आहेत की झोपेने, याची धास्ती असते. जिगलीपफ गाते अंगाई आणि मागते मैफलीची दाद. तिच्या दुःखाचे मूळ येथे आहे, आणि ते कोणाच्याही दोषाने निर्माण झालेले नाही. श्रोते कृतघ्न नाहीत, गायिका अडाणी नाही. तिची देणगीच तिला श्रोत्यांपासून वंचित करते.

म्हणूनच तिच्या रागाकडे प्रेक्षक दुहेरी नजरेने पाहतो. तो अन्याय्य आहे हे कळते, तरी तो पटतो. शिक्षाही बेताची आहे. मार्करच्या रेघा दुखत नाहीत व धुतल्या की जातात. पण झोपलेल्याची अब्रू तेवढी जाते. जपानमध्ये, आणि इतरत्रही, वसतिगृहांत वा सहलींत गाढ झोपलेल्या मित्राच्या तोंडावर रंगकाम करण्याची खोडी मुलांना ठाऊक असते. पटकथेने ती खोडी एका अपमानित कलावंताच्या हाती दिली आहे. मार्कर हे साधनही विचारपूर्वक योजलेले दिसते. टोपण लावलेले असताना तो मायक्रोफोन असतो आणि टोपण काढताच हत्यार. एकाच वस्तूने आधी आशा आणि मग निराशा दाखवता येते, तीही एका शब्दाशिवाय. चार-पाच वर्षांच्या मुलालाही टोपण निघताना काय होणार ते कळते, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत हे कळणेच हसू आणते.

गाण्याला शब्द नाहीत. पोकेमॉनांच्या बोलण्याच्या नियमानुसार ते जिगलीपफच्या नावाच्या अक्षरांनीच बनले आहे. जपानी आवृत्तीत 'पुरिन' या नावाची अक्षरे येतात, इंग्रजीत 'जिगलीपफ'ची. चाल संथ व झुलती आहे. शब्द नसल्यामुळे भाषांतराचा प्रश्न जवळजवळ उरत नाही, आणि भाग कोणत्याही देशात गेला तरी विनोद तसाच राहतो.

प्रेक्षकाचे स्थानही गमतीचे आहे. कथेत गाणे सुरू झाले, की ते ऐकणारा पडद्यावर कोणी जागा राहत नाही, पण घरी दूरचित्रवाणीसमोर बसलेले मूल मात्र जागे असते. जिगलीपफला ज्याचा शोध आहे तो श्रोता तिला दिसत नसलेल्या बाजूला बसलेला आहे. मालिकेने ही गोष्ट कोठेही बोलून दाखवलेली नाही, आणि ते बरेच झाले.

निऑन टाउनच्या उपकथानकाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण वरवर पाहता ते केवळ पार्श्वभूमी वाटते. नगराला झोपेची गरज आहे हे पहिल्याच दृश्यात दिसते. तरीही कथेतील एकही पात्र गाण्याचा उपयोग त्यासाठी करावा असे म्हणत नाही. ॲश आणि सोबत्यांना गायिकेला श्रोते मिळवून द्यायचे आहेत, टीम रॉकेटला चोरी करायची आहे, जिगलीपफला दाद हवी आहे. तिघांचेही बेत फसतात, आणि ज्यांनी काही मागितलेच नव्हते त्या नागरिकांना नेमके हवे ते मिळते. टीम रॉकेटचा पराभवही नेहमीसारखा पिकाचूच्या विजेच्या झटक्यावर अवलंबून नाही. त्यांची योजना अपेक्षेप्रमाणे चालते, फक्त ती त्यांनाही वगळत नाही. लढतीतून निकाल लावण्याची सवय असलेल्या मालिकेत झोपेने निकाल लागतो, हे या भागाचे वेगळेपण.

एक उणीव मात्र दिसते. मिस्टीची जिगलीपफबद्दलची ओढ कथेला चालना देते आणि पुढे तिचे काही होत नाही. पकडण्याची इच्छा दयेत कशी बदलली हे दाखवण्याइतका वेळ पटकथेने घेतलेला नाही. शेवटी जिगलीपफ कोणाचीच होत नाही. पुढच्या भागांच्या दृष्टीने ते सोयीचे ठरले, कारण ती कोणाच्या पोकेबॉलमध्ये गेली असती, तर अनपेक्षितपणे अवतरणारी भटकी गायिका राहिली नसती.

आवाज

जपानी आवृत्तीत जिगलीपफला मिका कानाई यांनी आवाज दिला. पुढे ॲशच्या चिकोरिटाचा आवाजही त्यांचाच. पिकाचूचा आवाज इकुए ओतानी यांचा असून तो जपानी व इंग्रजी अशा दोन्ही आवृत्त्यांत कायम ठेवण्यात आला. जेसीसाठी मेगुमी हायाशिबारा आणि मिस्टीसाठी मायुमी इइझुका या स्वतंत्र कलाकार होत्या.

फोरकिड्स एंटरटेनमेंटने तयार केलेल्या इंग्रजी आवृत्तीत परिस्थिती वेगळी होती. तेथे मिस्टी, जेसी आणि जिगलीपफ या तिन्ही पात्रांना रॅचेल लिलिस या एकाच अभिनेत्रीने आवाज दिला. त्यामुळे या भागात जिगलीपफला पकडू पाहणारी, तिचा चोरीसाठी वापर करू पाहणारी आणि स्वतः गाणारी, अशा तिघींच्या मागे एकच व्यक्ती आहे. तिन्ही आवाज इतके भिन्न आहेत, की ही माहिती नसलेल्या प्रेक्षकाला शंकाही येत नाही. लिलिस यांनी या भूमिका मालिकेच्या पहिल्या आठ पर्वांत केल्या. त्यांचे ऑगस्ट २०२४ मध्ये कर्करोगाने निधन झाले.

नंतरची जिगलीपफ

या भागानंतर जिगलीपफ ठरावीक अंतराने मालिकेत डोकावू लागली. 'बीच ब्लँक-आउट ब्लास्टॉइज' या ६०व्या भागात ती ब्लास्टॉइज नावाच्या कासवासारख्या प्रचंड पोकेमॉनच्या पाठीवरील तोफेत अडकते. तेथे अडकूनही ती गातच राहते, आणि काय झाले हे पाहायला येणारा प्रत्येकजण झोपतो. 'क्लेफेरी टेल्स' या ६२व्या भागात तिची गाठ तिच्याचसारख्या गुलाबी क्लेफेरींशी पडते. पुढच्या काही पर्वांत तर भागाचे मुख्य कथानक संपत आलेले असताना ती कोठूनतरी येऊन सर्वांना झोपवून जाते. विनोद तोच असूनही प्रसंग दरवेळी नवा असल्यामुळे तो बराच काळ टिकला.

२१ जानेवारी १९९९ रोजी जपानमध्ये निघालेल्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या निन्टेंडो ६४ वरील लढतीच्या खेळात पिकाचूच्या बरोबरीने जिगलीपफलाही स्थान मिळाले. ती तेथे आरंभी लपलेले, अटी पूर्ण केल्यावर खुले होणारे पात्र आहे. खेळातील किर्बी या गोल पात्राशी तिची शरीररचना मिळतीजुळती असणे हे तिच्या समावेशाचे एक कारण मानले जाते. तेथेही ती गाऊन जवळच्या प्रतिस्पर्ध्यांना झोपवते. पण गात असताना स्वतः हलू शकत नसल्याने ही चाल धोक्याची ठरते. तिची सर्वांत जबर चाल 'रेस्ट' ही आहे. ती लागू करताना जिगलीपफ स्वतः झोपी जाते, आणि त्या क्षणी तिला चिकटून असलेला प्रतिस्पर्धी दूर फेकला जातो. झोपेचा विषय असा उलटून तिच्याच अंगावर आलेला आहे.

मूळ खेळांनीही या प्रश्नात नकळत भर घातली. २००२ मध्ये जपानमध्ये निघालेल्या 'रुबी' व 'सफायर' या खेळांत पोकेमॉनांना अंगभूत गुण देण्यात आले. त्यांपैकी 'साउंडप्रूफ' हा गुण असलेल्यांवर आवाजाच्या चालींचा परिणाम होत नाही. व्हिस्मर हा त्यांपैकी एक. नियमाप्रमाणे पाहता जिगलीपफचे गाणे जागेपणी सहन करू शकणारा प्राणी अशा रीतीने अस्तित्वात आला खरा. पण गुणाच्या नावाचा शब्दशः अर्थ घेतला, तर त्याच्यापर्यंत आवाज पोहोचतच नाही.

२०१९ च्या 'डिटेक्टिव्ह पिकाचू' या चित्रपटात जिवंत अभिनय व संगणकीय चित्रण यांचे मिश्रण आहे. त्यातही एका उपाहारगृहात मायक्रोफोन धरून गाणारी जिगलीपफ दिसते, आणि तिला आवाज लिलिस यांचाच आहे. हे दृश्य काही सेकंदांचे आहे. एकवीस वर्षांपूर्वीचा भाग ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातील गंमत सांगावी लागत नाही.

भारतातील प्रसारण

भारतात पोकेमॉन मालिका २००३ पासून कार्टून नेटवर्क वाहिनीवर हिंदी डबिंगमध्ये दाखवली जाऊ लागली. हिंदी आवृत्ती इंग्रजी आवृत्तीवर बेतलेली असल्याने पात्रांची इंग्रजी नावेच येथे रुळली. महाराष्ट्रातील त्या पिढीच्या मुलांनीही ही मालिका प्रामुख्याने हिंदीतूनच पाहिली. पात्रांचे संवाद हिंदीत आले तरी पोकेमॉन स्वतःच्या नावाच्या अक्षरांतच बोलत असल्यामुळे जिगलीपफच्या गाण्याला नवे शब्द देण्याची गरज नव्हती.